एल्सीबाईंची नळी

मार्गिट लेटिनेनला सोमवारी सकाळी कर्करोगातलं एक नवं म्यूटेशन, म्हणजे जनुकातला बिघाड, सापडलं आणि दुपारपासून तिला घास गिळेनासा झाला. असं काही हाती लागलं की दुसरे संशोधक नाचतात. मार्गिटही जेवणाच्या सुट्टीपर्यंत मनातल्या मनात नाचली. पण ती जातीची काळजीखोर. इस्त्री बंद केली की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून घरी परतणाऱ्यांपैकी, आणि तिच्या घरी मुळात इस्त्री नाही.

तिचं काम सांगायला सोपं आहे. मिनेसोटातल्या डलूथच्या इस्पितळात आतड्यातली गाठ काढली की तिचा एक कण मार्गिटच्या लॅबमध्ये येतो. त्याच रोग्याचं थोडं रक्तही येतं. दोन्हींतली जनुकं यंत्रावर वाचायची. जो बिघाड गाठीत आहे आणि रक्तात नाही, तो गाठीने स्वतः केलेला उद्योग. या वेळी पहिल्यांदाच वाचायला घेतलेल्या, पेशींच्या वाढीला ब्रेक लावणाऱ्या एका जनुकात असा बिघाड निघाला होता, की जो आजवर कुणी पाहिला नव्हता. आणि तो एकूण एक गाठीत होता, रक्तात मात्र एकाच्याही नव्हता.

लॅबचे प्रमुख ऑर्विल टोलेफसन यांना तिने ही बातमी दिली, तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. टोलेफसन म्हणजे धिप्पाड माणूस, पांढऱ्या भुवया, मन लोण्याचं. नळ्यांचा ट्रे यंत्रात सरकवायच्या आधी ते हटकून येत, वाकत आणि ट्रेवर एक लांब फुंकर घालत. त्यांचे वडील गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसले की बर्फातल्या भोकात गळ सोडण्याआधी आमिषावर अशीच फुंकर घालत, आणि टोलेफसनांच्या घरी कधी रिकामी टोपली आली नाही, असं त्यांचं म्हणणं.

"बघ, लागली की नाही फुंकर?" ते म्हणाले आणि थेट मेडिकल कॉलेजच्या डीनना फोन लावायला गेले.

डीन न्यू जर्सीहून नवे आलेले. मनात येईल ते तोंडाने बोलून टाकण्याची त्यांना सवय होती, त्यामुळे आमच्याकडे सगळे त्यांना थोडे घाबरत. त्यांनी शुक्रवारी मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरवला. वर्तमानपत्राला कळवलं, देणगीदारांना बोलावलं आणि ज्यांच्या गाठी होत्या त्या रोग्यांनाही आमंत्रणं धाडली.

मंगळवारी एल्सी नीबर्गबाई लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन लॅबच्या दारात उभ्या राहिल्या. ऐंशीच्या घरातल्या बाई, पानगळीच्या दिवसांत त्यांची गाठ काढली होती आणि अजून औषधं चालू होती. वरच्या मजल्यावर तपासणीला आल्या की त्या खाली उतरत आणि आपली नळी कुठे आहे ते विचारत. मार्गिट फ्रीजरकडे बोट दाखवी आणि बाई फ्रीजरकडे बघून मान डोलवत, जणू आत कुणी ओळखीचं निजलंय.

"माझं काय व्हायचं ते होईल गं," त्या म्हणाल्या. "पण ती मेली गाठ कुणाच्या तरी कामी यावी एवढंच वाटत होतं. आता आली म्हणायची. शुक्रवारी मला चार शब्द बोलायला सांगितलंय. निळा ड्रेस घालू की हिरवा?"

मार्गिट निळा म्हणाली. बाई गेल्यावर ती खुर्चीत बसली आणि तिने पुन्हा आकडे उघडले. गाठी म्हणजे माणसांसारख्याच, एकीचं दुसरीशी जमत नाही. हिच्यात हा बिघाड, तिच्यात तो, कुठे भरपूर, कुठे नावाला. इथे मात्र सगळ्यांत एकच बिघाड, आणि तोही सगळ्यांत सारखाच, चिमूटभर. शाळेतल्या सगळ्या पोरांचं गणित एकाच ठिकाणी चुकलं की मास्तर काय समजायचं ते समजतात. हा बिघाड गाठींचा नव्हता, वरून कुणाचा तरी पडला होता.

कुणाचा, हे तिला लगेच सुचलं. काम करताना ती गुणगुणते. पिपेटने थेंब सोडत असताना तोंडाने चर्चमधलं काहीतरी चालू असतं. तोंडाला पट्टी लावायचा नियम होता, पण पट्टीने चष्म्यावर वाफ धरते म्हणून ती नाकाखाली, हनुवटीखाली अशी घसरत जाई. थुंकीचा एक कण उडाला तरी त्यात माणसाची सगळी जनुकं असतात. जनुकांतले नेहमीचे, चारचौघांत सापडणारे फरक यंत्रणा गाळून टाकते. दुर्मीळ तेवढं वर राहतं. म्हणजे हा दुर्मीळ बिघाड तिचाच असणार, आणि तसं असेल तर तिच्या अंगातल्या प्रत्येक पेशीचा ब्रेक ढिला होता.

आता तिला दोन भित्या. बिघाड आपला निघाला तर आपण मेलो, आणि शिवाय शुक्रवारी एल्सीबाईंचा निळा ड्रेस फुकट जाणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तिने एका नळीत थुंकून ती गुपचूप कामाला लावली. बुधवारी निकाल येईपर्यंत तिने मनातल्या मनात घरातल्या झाडांना पाणी कोण घालील ते ठरवून टाकलं होतं.

निकाल स्वच्छ आला. मार्गिटच्या ब्रेकला काही झालं नव्हतं. तिने डोळे मिटून देवाचे आभार मानले, आणि डोळे उघडले तर समोर टेरेन्स उभा. टेरेन्स व्हिटफील्ड तिच्या शेजारच्या टेबलावर काम करायचा. शिकागोचा, पण आमच्याकडे इतकी वर्षं राहिला होता की ताटातली शेवटची वडी आता तोही घेत नसे, अर्धी कापून अर्धी ठेवी. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने एक नळी उचलली आणि तो तीत थुंकला.

"माझा निघाला तर आईला तू सांग," तो म्हणाला. "मला नाही जमणार."

त्याचाही निघाला नाही. गुरुवारी दोघं रिकाम्या चेहऱ्याने बसले होते. रक्ताच्या नळ्यांचा ट्रे यंत्रात जायचा होता, तो टेरेन्सने सरकवला. आणि सरकवता सरकवता त्याचा हात थांबला.

"मार्गिट, रक्त आपण दर गुरुवारी लावतो ना?"

"हो."

"आणि गुरुवारी ऑर्विल कुठे असतात?"

गुरुवारी ऑर्विल टोलेफसन दिवसभर मुलांना शिकवायला जात. रक्ताच्या नळ्यांना त्यांची फुंकर कधी लागलीच नव्हती. मार्गिटने भिंतीला टेकून हळूच "अरे देवा" म्हटलं.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं कुणी त्यांना अडवलं कसं नाही? हातमोजे घालून, टेबल स्पिरिटने पुसून काम करणारी शहाणी माणसं ती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक माणूस उघड्या नळ्यांवर फुंकर घालतो. पण तुम्ही मिनेसोटात राहिलेले दिसत नाही. आमच्याकडे कुणी आपल्या पायावर पाय देऊन उभं राहिलं तर आपण त्याला विचारतो की बर्फ पडेलसं वाटतंय का. जेवण बिघडलं तर "जरा वेगळं झालंय" म्हणतो, आणि करणारी समजून भांडं उचलते. त्यापुढे बोलणं म्हणजे भांडण. प्रत्येकाला वाटत होतं की हे दुसरं कुणीतरी सांगेल. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, तर आधी मांजराची परवानगी घेणारी माणसं आम्ही.

टेरेन्सने सुचवलं की ऑर्विलचा कॉफीचा कप तपासावा. मार्गिटने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कप जागच्या जागी ठेवला. माणसाला न विचारता त्याची जनुकं वाचणं ही त्यांच्या धंद्यात चोरी. म्हणजे विचारायलाच हवं होतं.

संध्याकाळी ऑर्विल परतल्यावर ती त्यांच्या खोलीत गेली. तिने निकालाविषयी शंका आहे असं सुरू केलं आणि बोलणं तळ्यावरचा बर्फ किती जाड झालाय यावर जाऊन पोचलं. दुसऱ्यांदा गेली तेव्हा तिने धीर करून म्हटलं की आकडे जरा वेगळे आहेत. ऑर्विल भाषण लिहिण्यात इतके गढले होते की त्यांना ती स्तुती वाटली आणि ते म्हणाले, "वेगळे आहेत म्हणूनच तर सभागृह भरतंय."

शुक्रवारी सभागृह भरलं. एल्सीबाई पहिल्या रांगेत, निळा ड्रेस, मांडीवर वड्यांचं ताट. त्यांच्यामागे बाकीचे रोगी, कुणी टोपी घातलेले, कुणी नवऱ्याचा हात धरून बसलेले. मार्गिटने पडद्याआडून त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला रडू यायला लागलं. ही माणसं घरी जाऊन आपल्या मुलांना काय काय सांगतील, हे तिला दिसत होतं. ऑर्विल टायची गाठ सारखी करत तिथे आले आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा हवापाण्याची गोष्ट न काढता तोंड उघडलं.

"ऑर्विल, तुम्ही नळ्यांवर फुंकर घालता."

"घालतो की."

"गाठींच्या नळ्यांवर घालता. रक्ताच्या नळ्या गुरुवारी लागतात, तेव्हा तुम्ही नसता. तो बिघाड गाठींत आहे आणि रक्तात नाही. माझ्यात नाही, टेरेन्समध्ये नाही, आम्ही तपासलं."

ऑर्विल टोलेफसन शास्त्रज्ञ होते, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. आधी ते लाल झाले. मग रंग उतरत गेला, कारण त्यांना दुसरी गोष्ट कळली होती.

"म्हणजे तो माझ्यात आहे," ते म्हणाले. "माझे वडील आतड्याच्या दुखण्याने गेले."

मार्गिटने त्यांचा हात धरला. आमच्याकडे असं कुणी करत नाही. बाहेरून डीननी त्यांचं नाव पुकारलं.

ते मंचावर गेले. भाषणाचे कागद त्यांनी खिशातच ठेवले. माइक जवळ ओढून ते म्हणाले, "आम्हाला जे सापडलं होतं, ते तपासून पाहिलं. ते जरा... वेगळं निघालं."

सभागृहाला तेवढं पुरलं. सगळ्यांनी सावकाश माना हलवल्या. वर्तमानपत्रवाल्याने पेनाला टोपण लावलं. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी कोट चढवायला घेतला. न्यू जर्सीचे डीन मात्र उभं राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होते, आणि सभागृहात तेवढाच आवाज होता. ऑर्विलनी मग चूक आपली, फुंकर आपली, हे सगळं सांगितलं आणि क्षमा मागितली. एल्सीबाई चार शब्द बोलायला उठल्याच नाहीत. वड्यांचं ताट तेवढं पुढे सरकवलं आणि मार्गिटला त्यांच्याकडे बघवेना.

ऑर्विलनी रीतसर थुंकी तपासायला दिली. बिघाड त्यांचाच होता. तो किती वाईट हे डॉक्टरांनाही सांगता येईना, आजवर कुणी पाहिलाच नव्हता. पण एकदा दुर्बिणीने आतडं आतून बघून घेऊ, असं ते म्हणाले. ही तपासणी ऑर्विल कित्येक वर्षं टाळत होते. रोग्यांना पत्रं पाठवून तिचं महत्त्व पटवणारा हा माणूस, स्वतःची वेळ आली की मासे धरायला जाई. या वेळी मार्गिट त्यांना गाडीत घालून घेऊन गेली आणि दारापाशी बसून राहिली. आत एक छोटी गाठ निघाली. अजून दात न आलेली, पण चेहऱ्याने वाईट. डॉक्टरांनी ती तिथल्या तिथे काढली आणि म्हणाले की आणखी दोन हिवाळे गेले असते तर वेगळं बोलावं लागलं असतं.

थंडी ओसरायला लागली तेव्हा एल्सीबाई पुन्हा लॅबच्या दारात आल्या, ताटासकट. ऑर्विल तोंडाला पट्टी बांधून यंत्रापासून हातभर लांब उभे होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, यांची तीही सोय राहिली नव्हती. बाईंना पाहून ते खाली बघत पुढे आले, क्षमा मागू लागले, आणि बोलता बोलता तपासणीत काय निघालं तेही सांगून बसले.

बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे माझी गाठ तुमच्या कामी आली."

"बाई, बिघाड माझा होता, तुमच्या गाठीत काहीच नव्हतं. ती नुसती माझी फुंकर होती."

"फुंकर तुमची असेल हो," एल्सीबाई म्हणाल्या, "पण नळी तर माझीच होती ना?"

ऑर्विलनी पट्टी खाली ओढून डोळे पुसले. बाईंनी फ्रीजरकडे बघून मान डोलवली आणि ताट सगळ्यांपुढे फिरवलं. फिरत फिरत त्यात एकच वडी उरली. टेरेन्सने सवयीने सुरी उचलली, पण त्याआधीच ऑर्विलनी ती आख्खी उचलून तोंडात टाकली. मिनेसोटात हे कुणी करत नाही, आणि त्या दिवशी कुणी काही बोललंही नाही.