आमच्या आळीतलं जिनीव्हा

आमच्या आणि बापू वकिलांच्या परसांमधून एक गटार जातं. वीतभर रुंदीचं. पोरंसोरं, मांजरं, कोंबड्या ते दिवसातून कितीदा तरी ओलांडतात. बापू वकील मात्र पलीकडच्या काठाला थांबत, विरजणाची वाटी दोन्ही हातांत धरत आणि विचारत, "वहिनी, आपल्या हद्दीत येऊ का?"

मी खाणावळ चालवते. सकाळच्या वेळी माझ्या दोन्ही चुली पेटलेल्या असतात आणि हात पिठात असतात. उत्तर द्यायला उशीर झाला तर बापू तसेच उभे. एकदा श्रावणात सर आली, हे गटारापलीकडे भिजत राहिले. मी खिडकीतून ओरडले, "अहो, विरजणच ना? येऊन घ्यावं की."

"संमती स्पष्ट हवी," बापू म्हणाले. टोपीतून पाणी गळत होतं. "संमती गृहीत धरल्यामुळे महायुद्धं झाली आहेत."

भोरच्या कचेरीत ते वकिली करत. सनद संस्थानची, त्यामुळे हद्दीचा दगड आला की त्यांची वकिली संपे. म्हणूनच असेल, पण त्या दगडापलीकडच्या साऱ्या जगाची काळजी त्यांनी घेतली होती. पुण्याचं वर्तमानपत्र मोटरीनं शिळं होऊन येई. बापू ते उभ्या उभ्या वाचत. जिनीव्हाला सगळ्या देशांची सभा भरते, तिथं कोण काय बोललं, जपाननं चीनमध्ये पाय टाकला त्याचं पुढं काय झालं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. भोरात तांदूळ महाग का झाला, हे विचारलं तर मात्र माझ्याकडे बघत.

आळीनं त्यांच्या ओट्यालाच जिनीव्हा नाव ठेवलं होतं. आमचे हे कचेरीतून आले की चहा घेत आणि म्हणत, "जरा जिनीव्हात जाऊन येतो." बापूंना हे कळलं तेव्हा वाटलं रागावतील. त्यांनी ओटा सारवून घेतला.

भांडण कुठंही लागो, बापूंचा पहिला शब्द ठरलेला. "आधी तहकुबी." लढाई थांबल्याशिवाय कोणाचं बरोबर हे बघायचंच नाही, असा त्यांचा नियम. एकदा आडावर माझी आणि समोरच्या सोनारणीची जुंपली. तिनं माझा पोहरा वापरला आणि तळ फोडून परत ठेवला. आवाज चढलेले, तेवढ्यात बापू पांढरं उपरणं हातात उंच धरून आमच्या मधे आले. "तहकुबी, बायांनो, तहकुबी. पोहरा फुटला ही घटना दोन्ही पक्षांना मान्य आहे काय?"

सोनारीण म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा आधी."

मी म्हटलं, "नाहीतर हाच पोहरा तुमच्या डोक्यावर."

मग आम्ही दोघींनी मिळून त्यांना आडावरून घालवलं. नंतर कशावरून भांडत होतो ते आठवेना, म्हणून पाणी भरून घरी गेलो. बापूंनी संध्याकाळी आमच्या ह्यांना सांगितलं, की आळीतला तह इतक्या लवकर आजवर झाला नव्हता.

गुंजवण्याची हौसाबाई माझ्याकडे तांदूळ घालते. तिची म्हैस दिराच्या शेतात शिरायची आणि दिराची गाय हिच्यात. ती एकदा बापूंच्या ओट्यावर जाऊन बसली. मी तांदूळ मोजून घेत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"वकीलसायेब, म्हस मुकं जनावर हाय. तिला हद्द कशी कळायची?"

"म्हशीला हद्द कळत नाही, हे मान्य," बापू म्हणाले. "म्हणून ज्यांना कळते त्यांच्यावर जबाबदारी येते. दोन्ही शेतांमधला बांध तटस्थ करा. त्यावर तुमचंही जनावर नाही, दिराचंही नाही."

"मंग बांदावरचं गवत कुनी खायाचं?"

"कुणीच नाही."

हौसाबाईनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "तुमच्या त्या मोठ्या देशांकडं गवत लई दिसतंय."

पण गंमत अशी झाली, की तिनं आणि दिरानं बांध खरंच सोडला. गवत गुडघ्याएवढं झालं. ते वाया जाताना दोघांनाही सारखंच बघवेना. शेवटी दोघांनी मिळून कापलं आणि निम्मं निम्मं नेलं. बापू वर्षभर ही हकिकत ओट्यावर येईल त्याला सांगत होते. त्यात म्हशीला फार मान होता.

आता मुख्य गोष्ट. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या लग्नाला बंदी घालणारा कायदा इंग्रजी मुलखात नुकता झाला होता. पुण्याकडच्या काही लोकांनी त्यावर सोपी तोड काढली. इंग्रजाचा कायदा संस्थानात चालत नाही, तेव्हा मोटरीत बसायचं, हद्दीचा दगड ओलांडायचा, लग्न लावायचं आणि परत जायचं. अशीच एक मंडळी ज्येष्ठाच्या शेवटी आमच्या आळीत उतरली. मुलीला वडील नव्हते. काकाच सगळं बघत होते. त्यांना आप्पासाहेब म्हणत. गळ्यात उपरणं, बोटात अंगठ्या आणि कायम घाई. घाई खरीच होती. मुहूर्त शेवटचा. पुढं चातुर्मास, आणि तो संपायच्या आत सिंहस्थ लागणार. गुरू सिंह राशीत असेतो लग्न लागत नाही. हा मुहूर्त चुकला तर वर्षा-सव्वा वर्षाची निश्चिंती.

मांडव सोनारणीच्या अंगणात, जेवणाचं काम माझ्याकडे, आणि बापूंचं घर रिकामं म्हणून मुलीकडच्या बायका त्यांच्या माजघरात उतरल्या. मुलीचं नाव मथू. मोटर लागून तिचं तोंड हिरवं झालं होतं. मी लिंबाची फोड दिली तर ती सालासकट खाल्ली.

आदल्या संध्याकाळी आप्पासाहेब ओट्यावर बसले. "काय वकीलसाहेब, इथं आम्हाला भीती नाही ना?"

"मुलगी केवढी?" बापूंनी विचारलं.

"अकरा पुरी झाली की. आमच्यात आठव्या वर्षी उजवतात."

मी खांबाला टेकून उभी राहिले. आता जिनीव्हापासून जपानपर्यंत सगळं निघणार आणि माझी डाळ करपणार, हे मी धरूनच चालले होते. बापूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "बरं." आणि आत गेले. त्यांना ताप आला असावा असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरलेला दिसला. मांडवात भटजींनी घंगाळात घटिकापात्र सोडलं होतं; ते भरून बुडायच्या आत लग्न लागायला हवं. लोक अक्षता घेऊन उभे. माझी जिलबी पाकात पडत होती. तेवढ्यात बापू काळा कोट घालून आले आणि नवऱ्या मुलाच्या वडिलांना आदबीनं नमस्कार करून म्हणाले, "आपण नोकरी कुठं करता?"

"सरकारी कचेरीत. अव्वल कारकून आहे."

"इंग्रज सरकारच्या?"

"हो."

"वा," बापू म्हणाले आणि गप्प उभे राहिले.

त्या गृहस्थांना ती शांतता सोसेना. "का? काय झालं?"

"काही नाही. माणूस हद्द ओलांडतो, पण तो ज्या राज्याचा प्रजाजन आहे ते राज्य त्याच्याबरोबर चालत येतं का, हा फार सुंदर प्रश्न आहे. फ्रान्सात याचा विचार एक प्रकारे झाला, इंग्लंडात दुसऱ्या. आपल्या बाबतीत परत जाताना दगडापाशी काय होईल, हे पाहणं उद्बोधक ठरेल."

"उद्बोधक म्हणजे?" अव्वल कारकुनांचा आवाज बारीक झाला.

आप्पासाहेब धावत आले. "अहो, यांचं काय ऐकता? हे आळीचे विनोदी गृहस्थ आहेत. उभे राहा तुम्ही."

"विनोदी असतील. वकील आहेत ना?" व्याही म्हणाले. "मला काही भीती नाही, असं यांनी लिहून द्यावं. लेखी हातात पडल्याशिवाय माझा मुलगा अंतरपाटामागं उभा राहणार नाही. माझी नोकरी आहे, आप्पासाहेब. तुमचं काय जातंय?"

"लिहून द्या हो," आप्पासाहेब बापूंना म्हणाले. "दोन ओळी."

"अवश्य," बापू म्हणाले.

मांडवातच पाट मांडला, दौत आली. बापूंनी बोरूचं टोक पाहिलं, पसंत पडलं नाही, दुसरा मागवला. वर मायना घातला. मग भोर संस्थान आणि इंग्रज सरकार यांचे संबंध कसे आहेत, ते लिहायला घेतलं. आप्पासाहेब म्हणाले, "त्याचं इथं काय?"

"पाया नको?"

भटजी घटिकापात्राकडे बघून ओरडले, "यजमान, पात्र भरत आलं."

"लिहितोय," बापू म्हणाले. "मुलीला 'प्रजाजन' म्हणावं की 'निवासी'? एका शब्दानं सगळा खटला फिरतो. आपलं मत काय?"

व्याह्यांनी 'निवासी' म्हटलं. आप्पासाहेबांनी 'प्रजाजन' म्हटलं, ते केवळ लवकर संपावं म्हणून. बापूंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि दोन्ही योग्य असल्याचं सांगितलं. सोनारीण माझ्या कानात म्हणाली, "आता तुझा पोहरा कुठाय?"

पात्र बुडालं. भटजी मटकन खाली बसले. बापूंचं तिसरं कलम चाललं होतं.

नंतर जो गोंधळ झाला त्यात आप्पासाहेब व्याह्यांवर ओरडत होते, व्याही भटजींवर आणि भटजी पंचांगावर. बापूंना कुणी काही म्हटलं नाही. वेड्या माणसाला दोष देत नाहीत. मी मात्र सोडलं नाही. लग्न लागो न लागो, जिलबी माझी होती. पंगत बसवली, सगळ्यांना वाढलं. रागावलेली माणसं जास्त जेवतात, हे त्या दिवशी कळलं.

हात धुऊन मी बापूंकडे गेले. चांगलं खडसावायचं ठरवलं होतं. "वकीलसाहेब, अहो, दोन ओळी लिहायला सांगितल्या होत्या. तुम्हाला मुहूर्त दिसत नव्हता का?"

"चांगला दिसत होता," बापू म्हणाले. "घटिकापात्र माझ्या समोरच होतं."

मी पदराला हात पुसत तिथंच टेकले.

"मी एकही शब्द खोटा लिहिला नाही, वहिनी. सिंहस्थ संपेपर्यंत ती कायद्याच्या वयाच्या जवळ येईल. मग त्यांना मोटरभाडं खर्चून इथं यायचं कारण उरणार नाही. तोवर घरी राहील."

"आणि नाही राहिली तर? दुसरं संस्थान गाठलं तर?"

"मुहूर्त नाही ना कुठंच," ते म्हणाले. "गुरू सगळ्यांच्या हद्दीत एकच."

मुलीला मोटरीत बसवायचं म्हणून मी माजघरात शोधलं. बायका सामान बांधत होत्या. मथू मागच्या पडवीत होती. अंगावरची नऊवारी सोडून टाकलेली, आत परकर-पोलकं. समोर भातुकली मांडलेली. पितळेची चूल, तपेली, कढई, पळी, बोटभर लांबीचं लाटणं. सगळी भांडी चिंच लावून लखलखीत घासलेली. इतक्या वर्षांत त्या घरात मी विरजणाच्या वाटीशिवाय दुसरं चकचकीत भांडं पाहिलं नव्हतं.

बापू दारात येऊन उभे राहिले.

"ही भातुकली कुठून आली?" मी विचारलं. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं, हेही आळीत कुणाला ठाऊक नव्हतं.

"आमच्या कुटुंबाची," ते म्हणाले. "लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा बरोबर घेऊन आली होती. मी शिकायला बाहेर असे. सुट्टीत आलो की मला जेवायला वाढायची."

"मग?"

"मग तेराव्या वर्षी बाळंतपण." त्यांनी टोपी नीट केली, ती नीटच होती. "महिन्याच्या महिन्याला घासतो. ठेवणीत काळी पडतात."

मथूला आम्ही दोघं दिसतच नव्हतो. तिनं माझ्याच पंगतीतले भाताचे दाणे तपेलीत घेतले होते आणि चुलीत फुंकर घालत होती. रस्त्यावर मोटरीनं भोंगा दिला. आप्पासाहेब ओट्यावरून गरजले, "कुठं मेली ती कार्टी? निघायचंय आता."

ते तरातरा पडवीत आले. बापूंनी दाराच्या चौकटीवर हात ठेवून त्यांना अडवलं.

"थांबा," बापू म्हणाले. "तिचा भात व्हायचाय."

आप्पासाहेब काहीतरी बोलायला गेले. बापूंनी हात काढला नाही. माझी खरकटी पातेली अंगणात तशीच पडली होती, पण मीही तिथंच पायरीवर बसले. मथूनं झाकण उचलून पाहिलं आणि म्हणाली, "अजून थोडा."