सेक्रेटरींच्या खिडकीपुढचा अशोक

वनमालाबाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला: कुंपणालगतचे सगळे अशोक सडसडीत, फक्त सेक्रेटरींच्या खिडकीपुढचा ऐसपैस. खाली एकच ओळ, "सावली काय फक्त सेक्रेटरींना?" सेक्रेटरी मधुकर परबांचा चहा कपातच गार झाला.

मुलुंडच्या त्या सोसायटीत परबांचा एक पाठ सगळ्यांना पाठ होता. उभा अशोक फांद्या अंगाशी धरून वर जातो, दुसरा पसरतो. पान सारखंच, फरक अंगकाठीचा. नर्सरीतून उभेच अशोक आपण पारखून आणले, हे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवत. रविवारी निवडणूक होती. खुर्ची गेली तर लिफ्टमध्ये बोलणार काय?

"अगं, हा असा कसा निघाला?"

"मला काय विचारता? पारखणारे तुम्ही," भाजी चिरता चिरता त्यांची बायको उत्तरा म्हणाली.

रविवारी उजाडायच्या आत परबांनी कपडे वाळत घालायची दोरी सोडली, शिडी लावून झाडाला गच्च गुंडाळली आणि टोक आपल्या खिडकीच्या ग्रिलला बांधलं. झाड मुंजीतल्या बटूसारखं अवघडून उभं राहिलं.

सभा कंपाउंडमध्येच भरली. वनमालाबाई चष्मा पुसून पुसून बघत होत्या. "काल तर चांगला पसरला होता ना."

"मोबाइलमध्ये सगळंच पसरट दिसतं, वनमालाबाई," परब म्हणाले. बाईंनी नकळत पदर सारखा केला.

वर उत्तरा धुतलेल्या चादरी घेऊन दोरी शोधत होती. ग्रिलला तिचं टोक दिसलं. तिनं गाठ सोडली.

सर्रकन आवाज झाला आणि अशोक भर सभेवर छत्रीसारखा उघडला. कावळ्याच्या घरट्यातल्या काड्या अध्यक्षांच्या टेबलावर पडल्या.

"हे रोप माझं नाही," परब कसेबसे म्हणाले. "नर्सरीत मी चहाला गेलो होतो, तेवढ्यात हिनं टेम्पोत चढवलं असणार."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. खिडकीत उत्तरा उभी होती.

"हो, मीच चढवलं. आडव्या फांद्या बघूनच घेतलं. त्या खांबांच्या खाली माणूस बसणार कुठे?"

ऊन आता चांगलंच तापलं होतं. वनमालाबाईंनी मुकाट्यानं खुर्ची उचलून सावलीत मांडली. मागोमाग बाकीचेही सरकले. उन्हात एकटे परब उरले.

"सेक्रेटरीपदासाठी मी नाव सुचवते," वनमालाबाई म्हणाल्या. सवयीनं परब विनयानं हसत उठले.

"उत्तरा परब. फ्लॅट तिच्याच नावावर आहे ना?"

सगळे हात वर गेले. परब उभेच होते. वरून नव्या सेक्रेटरींचा पहिला आदेश आला.

"अहो, वर येताना तेवढी दोरी घेऊन या. चादरी ओल्या आहेत."