निमेषक पटल आणि मडीची कळशी

बसवनगुडीच्या आपल्या घरात बिंदुमाधवांनी 'बेडूक' या शब्दाला बंदी केली होती. मंडूक म्हणायचं. कॉलेजात ते प्राणिशास्त्र इंग्रजीतून शिकवत, बाजारहाट कन्नडमधून करत, आणि उरलेला सगळा वेळ मराठी शुद्ध करण्यात घालवत. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, पुण्यात शास्त्रीय परिभाषा घडत होती, आणि त्यातला उभयचर प्राण्यांचा विभाग आपल्याच हाती येणार याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अडचण होती ती परिभाषा समितीच्या पद्माकररावांची. बेडकाच्या डोळ्यावर खालून वर सरकणाऱ्या पारदर्शक पडद्याला बिंदुमाधवांनी 'निमेषक पटल' म्हटलं होतं. पद्माकररावांना 'तिसरी पापणी' हवी होती. म्हैसूरला जाता जाता ते जेवायला थांबणार होते, आणि विभाग कुणाला द्यायचा ते त्याच दिवशी सांगणार होते.

"प्राणीच समोर ठेवतो," बिंदुमाधव बायकोला म्हणाले. "खरा शब्द प्राणी दिसताक्षणी आपोआप तोंडातून निघतो. बघच तू."

"बघते," वसुमती म्हणाली. "पण अण्णांना कळलं म्हणजे?"

अण्णा म्हणजे बिंदुमाधवांचे वडील, भीमाचार्य. त्यांचं सोवळं, त्यांच्या भाषेत मडी, इतकं कडक की पूजा होईपर्यंत घरातली माणसं भिंतीला चिकटून चालत. तेव्हा बिंदुमाधवांनी त्यांना काहीच सांगितलं नाही. दोन बेडूक तांब्याच्या कळशीत घालून विहिरीपाशी सावलीत ठेवले. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, ती ओली राहायला हवी, म्हणून कळशीच्या तोंडावर स्वच्छ ओला पंचा टाकला. शास्त्रीय दृष्टीनं व्यवस्था निर्दोष होती. फक्त त्या घरात ओल्या पंच्याखालच्या कळशीत एकच गोष्ट असे, देवाच्या पूजेचं पाणी.

पद्माकरराव आले. बिंदुमाधव त्यांना त्वचीय श्वसन समजावत असतानाच अण्णा ती कळशी घेऊन समोरून देवघराकडे निघाले.

"अण्णा, थांबा."

अण्णांचं मौन होतं. "हं हं," म्हणून त्यांनी हात वर केला. बिंदुमाधव उठले, तसे अण्णा अंग चोरून मागे सरले. मुलाची कॉलेजातून बसनं आलेली पॅन्ट अंगाला लागली असती तर पुन्हा आंघोळ, पुन्हा पाणी, पुन्हा पूजा, आणि जेवण दिवेलागणीला. उपाशी माणूस विभाग देत नाही, एवढं बिंदुमाधवांना कळत होतं.

"वसू, तू तरी सांग त्यांना."

"मौनात माझं ऐकतात होय?" वसुमती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "बेडूक म्हणून सांगा की सरळ."

पाहुण्यासमोर तो शब्द? बिंदुमाधवांची जीभ वळेना. "अण्णा, त्यात उभयचर आहेत."

मुलगा संस्कृत बोलतोय असं वाटून अण्णांनी समाधानानं मान हलवली, आत जाऊन बसले आणि पंचा उचलला.

पहिला बेडूक ताम्हणात बसला. दुसऱ्यानं उंबरा ओलांडला आणि थेट पद्माकररावांच्या मांडीवर उडी घेतली.

"कप्पे! कप्पे!" बिंदुमाधव कन्नडमध्ये ओरडले.

"फ्रॉग!" परिभाषा समितीचे पद्माकरराव खुर्चीवर चढून किंचाळले. "ओ गॉड, फ्रॉग!"

वसुमतीनं तांदळाची रोवळी आणून खाली पडलेल्या बेडकावर पालथी घातली. अण्णा ताम्हण घेऊन परसात गेले, आतल्याला अळवात सोडलं आणि पुन्हा आंघोळीला न्हाणीघरात शिरले. जेवण लांबलं ते लांबलंच.

बैठकीत रोवळीच्या फटींतून बेडूक डोळे मिटून उघडताना दिसत होता. निमेषक पटल इतकं सुरेख सरकत होतं, पण तिकडे कुणी बघेना. विभाग गेला, हे बिंदुमाधवांनी मनाशी धरलंच होतं. त्यांना फार वाईट वाटत होतं.

शेवटी पद्माकरराव खुर्चीवरून उतरले. "मी वर चढलो होतो, ते पुण्यात कळायला नको."

"छे, छे. पण मी जे ओरडलो..."

"मला तर स्पष्ट 'मंडूक' ऐकू आलं."

बिंदुमाधवांचा चेहरा उजळला. "आणि मला तुमचं 'उभयचर'."

"मग झालं. विभाग तुमचा. पटलही तुमचंच."

तेवढ्यात न्हाणीघरातून, मौन सुटलेल्या अण्णांचा खणखणीत आवाज आला.

"मला काय ऐकू आलं ते सांगू का?"

"नको," दोघे एकदम म्हणाले. तेवढं मात्र शुद्ध मराठीत.