नुसतं डोळ्यांखालचं

"बाबा, एकाही फोटोला हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही."

"नाही लावत."

"माझ्या गळ्याची शपथ घ्या."

"अगं, चाळीस वर्षं हाच धंदा केला मी. ओल्या प्रिंटला हात लावू नये एवढं मला कळतं."

"या प्रिंट ओल्या नाहीत, बाबा. म्हणूनच तर भीती वाटते मला."

मुलगी बापाला पुरती ओळखून होती. बंद पडलेल्या स्टुडिओतल्या लांबलचक टेबलांवर तिचे नऊ कृष्णधवल फोटो पसरले होते, एकेक खिडकीच्या झडपेएवढा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचं आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन उघडणार होतं. गॅलरीतल्या भिंतींचा रंग वाळला नव्हता म्हणून फोटो इथे आणून ठेवले होते. चार वाजता फ्रेमवाला येऊन ते नेणार आणि तोवर बाबांनी राखण करायची, एवढं साधं काम होतं. उंदराच्या राखणीला मांजर ठेवावं तसं हे झालं, पण दुसरं माणूसच नव्हतं.

बाबांना सगळी गल्ली टचिंगकाका म्हणायची. फोटो काढणारे पुष्कळ होते, काढलेला फोटो सुधारून देणारे हे एकटेच. निगेटिव्हवर सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल आणि प्रिंटवर तीन केसांचा ब्रश चालवून काकांनी लोकांच्या चेहऱ्यावरचे व्रण बुजवले, तिरळे डोळे सरळ केले, आत गेलेल्या हनुवट्या बाहेर काढल्या. गल्लीतल्या लोकांची ओळखपत्रं नीट पाहिली असती तर एकाचीही ओळख पटली नसती. एकदा एक सासरा "सून फोटोतल्यासारखी नाही" म्हणून भांडायला आला होता. अर्ध्या तासाने तो स्वतःचा फोटो काढून, टचिंगला टाकून निघून गेला. खुद्द मुलीच्या पासपोर्टच्या फोटोतला गालावरचा तीळ काकांनी मायेने पुसला होता आणि त्या एका तिळापायी ती बिचारी परक्या विमानतळावर तीन तास खोळंबली होती. तेव्हापासून तिने काकांच्या हातांवर नजर ठेवली होती.

पुढे लोकांच्या फोनमध्येच चेहरे गुळगुळीत करायची सोय आली. काकांनी सहा वर्षांपूर्वी पाटी उतरवली. आता दुपारी ते स्टुडिओत येऊन नुसते बसायचे. पडद्यावरचं रंगवलेलं तळं, गिऱ्हाइकाचं गोल स्टूल, भिंतीवरचा आरसा, सगळं जिथल्या तिथे होतं. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं.

प्रदर्शन तिघांचं मिळून होतं. एका मुलीने गंजक्या तारांची झाडं वळली होती. एका मुलाने रिकाम्या खुर्चीचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला होता. काका तो पूर्ण बघून आले होते.

"शेवटी कोण येऊन बसतं रे त्यात?" त्यांनी विचारलं होतं.

"कुणीच नाही, काका."

"अरे मग आधी सांगायचं नाहीस का?"

तिसरा हॉल मुलीचा. गल्लीतल्या आठ म्हाताऱ्या माणसांच्या मागे दोन वर्षं फिरून तिने त्यांचे चेहरे टिपले होते. अगदी जवळून, पावडर न लावता, आणि उजेड असा बाजूने घेतलेला की एकेक सुरकुती नांगरटीसारखी उठून दिसावी. प्रदर्शनाचं नाव होतं 'रेघा'. काकांना ते फोटो आवडले होते का? खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघितले तेव्हा त्यांना वाटलं, पोरगी काम अर्धवट टाकून निघून गेली आहे.

तर मुलगी दिवे बसवायला गॅलरीत गेली. काका फोटोंकडे पाठ करून बसले. दहा मिनिटं बसले. तेवढ्यात दारात शिंपीणबाई उभ्या.

"माझा आलाय म्हणे?"

आता आलेल्या माणसाला त्याचाच चेहरा दाखवायचा नाही, हे कसं जमायचं? काकांनी बोट केलं. शिंपीणबाई वाकल्या, सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या.

"मी आहे ही?"

"हो."

"अहो, इतक्या चुण्या मी जन्मात कुठल्या गिऱ्हाइकाच्या कापडाला पडू दिल्या नाहीत!"

"ही कला आहे, बाई."

"असेल. उद्या माझी सून येणार बघायला. तिला मी बासष्ट सांगितलंय."

"आणि खरं किती?"

"खरं तुम्हाला माहीत आहे. उगाच विचारू नका. थोडं टचिंग करा."

"छे छे! पोरीची शपथ घेतलीय मी."

शिंपीणबाई गोल स्टुलावर बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "लग्नाआधी तुम्ही माझा फोटो काढला होतात. गालभर व्रण होते माझ्या. आरशात बघणं सोडून दिलं होतं मी. तुम्ही फोटो हातात दिलात आणि म्हणालात, बघा, ही आतली. त्या दिवशी घरी जाऊन मी पहिल्यांदा आरसा पुसला. आठवतं?"

काकांना आठवत होतं. अगदी त्या दिवशीचा उजेडसुद्धा आठवत होता. आणि असा उजेड डोळ्यांत असताना माणसाने कुठलाही निर्णय घेऊ नये.

"नुसतं डोळ्यांखालचं," काका म्हणाले. "त्याच्यापुढे एक रेघ नाही."

खणातून ब्रश निघाला. बशीत काळा-पांढरा रंग कालवला गेला. काकांनी ब्रशाचं टोक सवयीने जिभेवर टेकवून बारीक केलं आणि सहा वर्षांनी त्यांचा श्वास पूर्वीसारखा संथ झाला. डाव्या डोळ्याखालचं मिटलं. मग उजवा डोळा डाव्याच्या आईचा दिसायला लागला. तो केला. दोन्ही डोळे तरुण झाल्यावर कपाळ उपरं वाटू लागलं. कपाळ केलं तर मान म्हणाली, माझं काय? पाऊण तासाने शिंपीणबाई पन्नाशीच्या झाल्या आणि खुशीत घरी गेल्या.

इथेच थांबले असते तर गोष्ट संपली असती. पण शेजारच्या टेबलावर मास्तर होते. मास्तर शिंपीणबाईंहून दोन वर्षांनी लहान, आणि आता ते त्यांचे वडील दिसू लागले होते. हे काही बरोबर नव्हतं. काका विचार करतात तोच शिंपीणबाईंकडून खबर लागलेले मास्तर स्वतःच हजर झाले.

"मला सुरकुत्यांचं काही नाही," मास्तर म्हणाले. "त्या कष्टाच्या आहेत. केस तेवढे द्या."

"केस?"

"माझे विद्यार्थी येणार उद्या. त्यांचीही टकलं पडलीत आता. गुरुजी जरा वरचढ नकोत का? फार नको. भांग पडेल एवढे पुरे."

भांग पडला. पाठोपाठ घड्याळजी आले. जन्मभर भिंग लावून त्यांचा एक डोळा बारीक झाला होता, तो दुसऱ्याएवढा उघडून हवा होता. उघडल्यावर चेहरा दचकल्यासारखा दिसायला लागला, म्हणून काकांनी भुवई खाली घेतली. मग ते रागावलेले दिसू लागले, म्हणून ओठाचं टोक वर घेतलं. घड्याळजी आरशात आणि फोटोत आळीपाळीने बघत म्हणाले, "माणूस बरा वाटतोय हो हा. कोण आहे?"

उरलेली पाच माणसं आली नाहीत. पण त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही म्हणून त्यांच्यावर अन्याय का करायचा? काकांनी तेही केले. हात असा सुटला होता की पंचवीस मिनिटांत एक चेहरा होत होता. पूर्वी परीक्षांच्या अर्जांचे दिवस आले की स्टुडिओबाहेर रांग लागायची, काकांना जेवायला फुरसत नसायची आणि आतून बायको ओरडायची, तशी ती दुपार गेली. काका गुणगुणत होते. पोरीचं तोंड डोळ्यांसमोर आलं की गुणगुणणं थांबायचं, ब्रश मात्र थांबायचा नाही.

साडेतीनला नववा फोटो राहिला. तो मुलीने काढलेला नव्हता, काकांनीच याच स्टुडिओत काढलेला. त्यांच्या बायकोचा. ती गेली तेव्हा एकतीस वर्षांची होती आणि मुलगी सहा. मुलीने तो जुना फोटो मोठा करून आठ म्हाताऱ्यांच्या शेवटी ठेवला होता, रेघा पडायच्या आतच गेलेली म्हणून. त्या चेहऱ्यात टचिंग करण्याजोगं काही नव्हतं. काढला तेव्हाही नव्हतं. काकांनी दाराला कडी घातली आणि पुढचा अर्धा तास ते त्या टेबलावर ओणवे होते.

चारच्या ठोक्याला फ्रेमवाला आला. "काका, ही सगळी माणसं ओळखीची वाटतात," तो म्हणाला, "बहुतेक यांच्या मुलांना मी ओळखतो." एकेक फोटो काचेखाली बंद होऊन त्याच्या टेम्पोत चढला. टेम्पो वळला न वळला तोच मुलगी परतली.

"झालं सगळं नीट?"

काकांनी नुसती मान हलवली.

"बोलत का नाही?"

पुन्हा मान.

मुलीचा चेहरा हळूहळू बदलला. लहानपणी शाळेतून आल्यावर बाबांची जीभ बघून तिला कळायचं, आज गिऱ्हाईक किती होतं.

"बाबा, जीभ दाखवा."

"गोळी खाल्लीय पित्ताची."

"जीभ!"

जीभ बाहेर आली. राखाडी होती, थेट मुळापर्यंत.

दोघं रिक्षाने गॅलरीत पोचले. फ्रेमवाल्याने कागदात गुंडाळलेले फोटो एव्हाना वाळलेल्या भिंतीला टेकवून ठेवले होते आणि शिडीवाला खिळे घेऊन तयार होता. मुलगी एकेक कागद फाडत गेली. पन्नाशीच्या शिंपीणबाई. भांग पाडलेले मास्तर. कुणीतरी बरा माणूस.

"पुसून निघेल?" तिने विचारलं.

"तुझा हा कागद सगळं पितो गं. मला काय माहीत? आमच्या वेळचा कागद..."

"नव्या प्रिंटना चार दिवस लागतात, बाबा! उद्या सहाला लोक येणार!" तिचा आवाज फुटला. "दोन वर्षं मी या लोकांच्या मागे फिरले. एकेक रेघ मिळावी म्हणून तास तास थांबले. आणि तुम्ही एका दुपारी... तुम्हाला माझं काम आवडत नाही, हेच खरं ना? सांगा तरी एकदा!"

"आवडत नाही असं नाही," काका पुटपुटले. "मला ते पुरं करायला दिलंस असं वाटतं. तू लहानपणी चित्र काढायचीस आणि रंगवायला माझ्याकडे द्यायचीस, तसं. चुकलं माझं. लोकांच्या तोंडाला मी नाही म्हणू शकत नाही."

मुलीला रडू आलं, आणि रडताना तिने शेवटचा कागद फाडला.

फोटोतल्या आईला सुरकुत्या पडल्या होत्या. डोळ्यांच्या कोपऱ्यांत, ओठांच्या कडेला, गळ्यावर. भांगात चार केस पांढरे होते. चाळीस वर्षं लोकांच्या रेघा पुसणाऱ्या माणसाने या एका चेहऱ्यावर त्या एकेक करून काढल्या होत्या, आणि कुठे ब्रश लागल्याचा मागमूस नव्हता. मुलगी खाली बसली.

"तू तिला एकटीला तिकडे एकतिशीतच ठेवलं होतंस," काका म्हणाले. "मी सत्तरीला आलो गं. तिच्याशेजारी बाप दिसतो मी तिचा."

मुलीने काचेवर बोट ठेवलं. "ही कपाळावरची?"

"तू इंजिनिअरिंग सोडून कॅमेरा उचललास, तेव्हाची."

"आणि डोळ्यांजवळच्या एवढ्या?"

"माझी फजिती बघून हसण्याच्या. तिथे मी हात आखडला नाही."

"केस चारच पांढरे?"

"रंगवले असते तिने. ऐकतेय होय कुणाचं!"

"आणि ही भुवयांच्या मधली? ही सगळ्यात खोल आहे."

"ती आजची," काका म्हणाले. "तू इथे येऊन माझ्यावर ओरडणार, हे काढतानाच माहीत होतं मला. तिला ते चाललं नसतं."

"काय चाललं नसतं? तुम्ही केलं ते की मी ओरडले ते?"

"ते काही बोलली नसती ती. दोघांकडे नुसतं असं बघितलं असतं."

भिंतीला टेकलेली आई दोघांकडे तसंच बघत होती. मुलीला हसू फुटलं, मग पुन्हा रडू, मग दोन्ही एकदम. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिने तो ठेवू दिला.

"ताई, सांगा लवकर," शिडीवाला वरून म्हणाला. "कसं लावायचं?"

मुलीने ओढणीने नाक पुसलं आणि उठून उभी राहिली.

"आईला मधोमध लावा," ती म्हणाली, "आणि ही बाकीची पोरंसोरं दोन्ही बाजूंना."