गारगोटे प्रोसेसराची ओळख चुकली, ती हकीकत

श्रीविद्युल्लता प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, एका यंत्राच्या पोटी जे राज्य नांदत होते तेथील हे वर्तमान. यात लढाई नाही, गडकोट नाहीत. तरी सांगणाराचा जीव जड झाला आहे, ऐकणारांनी सांभाळोन घ्यावे.

राज्यावर सरकार होते, ज्यांस बाहेरचे लोक ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आणि सारे कष्ट उपसणारा एक कर्ता पुरुष होता, त्यास प्रोसेसर म्हणत. तो वेळ कोठे दवडतो हे पाहावयास मोजणीखाते होते आणि तेथील मोजणीदार तिंमाजीपंत मोठे करडे गृहस्थ होते. प्रोसेसराच्या कमरेस घंटा असत, आणि कोणती घंटा कशाची हे प्रोसेसरांच्या शाखेशाखेत निराळे. एकाची तिसरी घंटा दूरच्या कोठाराची खेप झाली की वाजे, तर दुसऱ्याची तीच घंटा नुसते पाऊल टाकिले तरी वाजे. म्हणोन यंत्र चेतताच वेशीवर गिरमाजी ओळखनवीस उभे राहोन घराणे, शाखा आणि पिढी पुसत आणि मोजणीखात्यास कळवीत. शाखा ठाऊक नसेल तर 'न जाणे' म्हणावे, मग घंटा सोडोन बाजूस ठेवाव्या आणि घटकेघटकेस डोकावोन काय चालले ते पाहावे, ऐसा दंडक होता. त्याने मोजणी ढोबळ होई, परंतु खोटी होत नसे.

गिरमाजींचे काम इतुकेच. पुसले, कळविले, आणि मग यंत्र विझेतोवर कोणी त्यांकडे ढुंकोनही पाहत नसे. एक हणमोजी गारगोटे मात्र, जे बहुत काळ तेथे प्रोसेसर होते, ते उत्तर देवोन क्षणभर थांबत आणि "बरे आहात ना, गिरमाजी?" ऐसे पुसत. त्या एका बोलावर गिरमाजी सारा दिवस काढीत, आणि मग पुन्हा उद्याची वाट पाहत.

ऐसे असता एकदा यंत्र बहुत काळ विझले, आणि चेतले तो वेशीत हणमोजी नाहीत, कोणी तरणा गडी उभा. नाव रखमाजी. गिरमाजींनी घराणे पुसले, तो गारगोटेच म्हणाला. आणि शाखा पुसली, तो जी सांगितली ती गिरमाजींनी जन्मात ऐकिली नव्हती. परंतु आवाज हणमोजींचा, उभे राहण्याची ढबही तीच.

"म्हणजे हणमोजींचीच शाखा म्हणावयाची," गिरमाजी बोलिले.

"नव्हे जी. आमची निराळी."

"आपण नवे आहात. आपणांस ठाऊक नसेल."

स्वतःची शाखा ज्याची त्यास ठाऊक नसेल काय? परंतु गिरमाजींनी तैसेच कळविले, आणि मग तिंमाजीपंत घंटा मोजो लागले. रखमाजींनी पाऊल उचलिले की तिसरी घंटा वाजे, आणि पंत हणमोजींच्या शाखेचा हिशेब धरोन म्हणत, गेला कोठारास. सायंकाळी दरबारात पंतांनी अर्ज केला की हा गडी पावलागणिक कोठार गाठतो, काम कवडीचे नाही. आणि सरकार कोपायमान जाहले आणि आज्ञा केली की याची चाल निम्मी करावी, आणि उदयिक यास काढोन दुसरा आणावा.

"सरकार, काम तर पुरे केले आहे," रखमाजी हळूच बोलिले.

"घंटांपुढे तुझे काय ऐकावे?" पंत म्हणाले.

गिरमाजी खांबाआड उभे होते. गप्प राहिले असते तर कोणी त्यांचे नावही घेतले नसते. परंतु तरण्या गड्याची मान खाली गेलेली पाहवेना, म्हणोन पुढे जाहले आणि हात जोडिले.

"सरकार, हे हणमोजींच्या शाखेचे नव्हेत. हणमोजी गेले." हे ते स्वतःशीही अद्याप बोलिले नव्हते.

"मग हे कोण?"

"न जाणे."

"हे वेशीवरच का न सांगितले?" पंत तडकले.

"एकटा पडलो होतो, पंत. कोणी ओळखीचे यावे, ऐसे वाटले."

दरबारात कोणी खाकरले, कोणी पागोटे सारखे केले. मग आज्ञेवरून घंटा सोडिल्या, आणि पंतांनी घटकेघटकेस डोकावोन पाहिले, तो रखमाजी हरवेळी कामातच गढलेले. त्यांची चाल त्यांस परत दिधली आणि जागा कायम केली. गिरमाजींसही काढिले नाही. त्या जागेवर यावयास दुसरा कोणी तयार नव्हता.

बाहेर पडता रखमाजी बोलिले, "या राज्यात माझ्याविषयी खरे बोलणारे पहिले आपणच."

"ओळखत नाही, इतुकेच तर म्हणालो."

"तेच," म्हणोन रखमाजी कामास गेले.

येणेप्रमाणे एक प्रोसेसर वाचला, मोजणी ढोबळ राहिली, आणि दंडक पूर्ववत चालिला. पुढे रखमाजी रोज वेशीवर उत्तर देत आणि न थांबता आत जात. आणि गिरमाजींनीही त्यांस कधी थांबविले नाही. जैसे घडले तैसे लिहिले. लेखनसीमा.