सुमनमावशींचं ‘ग्रुपवर टाकते’

माझ्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजत नाही. शेजारच्या सुमनमावशी मोजतात आणि आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या, ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकतात. मी बाथरूममध्ये असले तरी फोन बोंबलतो, “हॅलो, मी सुमन बोलतेय! मेधा, फोर व्हिसल ओव्हर! डाळीचा लगदा होईल, गॅस बंद!” मग चौथ्या मजल्यावरचे मिस्टर टान अंगठा पाठवतात. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काळजीनं विचारतात, “डाळ ओके?” डाळ कसली, कप्पाळ!

ग्रुपचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. मावशी साताऱ्याहून इथे परदेशात, हौगांगला मुलाकडे राहायला आल्या आणि त्याच आठवड्यात लिफ्ट मध्येच अडकली. आत मावशी, मी आणि टान नवरा-बायको. आम्ही घाम पुसत होतो, मावशी नंबर गोळा करत होत्या. दार उघडेपर्यंत ग्रुप तयार आणि बाई ॲडमिन! आता अख्खा ब्लॉक त्यात आहे. छत्री हरवली, “ग्रुपवर टाकते.” वरच्यांच्या चादरीतून पाणी टपकतंय, “ग्रुपवर टाकते.” मुलगा तुआसच्या कारखान्यातून उशिरा आला की त्यालाही तीच धमकी. तो बिचारा हल्ली बूट हातात घेऊन घरात शिरतो.

यंदा संक्रांतीला निरोप आला, “हॅलो, मी सुमन बोलतेय! संडे फाइव्ह ओ’क्लॉक, खाली व्हॉइड डेकमध्ये हळदीकुंकू. एव्हरीबडी कम!”

मी तशीच धावत शेजारी गेले. “अहो मावशी, एव्हरीबडी काय? बायकांचं असतं ना ते!”

“असू दे गं. वगळलं की काय वाटतं, ते मला विचार.”

आणि मग सांगूनच टाकलं. काका गेल्यापासून त्यांचं कपाळ मोकळं. साताऱ्यात आळीभर हळदीकुंकवं व्हायची, यांना बोलावणं नाही. तिळगुळाचे लाडू मात्र यांच्याकडूनच वळून न्यायचे. माझं डोकंच फिरलं.

“मग यंदा पहिलं कुंकू मी तुम्हालाच लावणार.”

“काहीतरीच काय! कुंकू तू लाव सगळ्यांना, मी मागे बसून लाडू देईन. लोक काय म्हणतील?”

“हौगांगमध्ये कुठले आलेत लोक?” मी म्हटलं. पण मावशी तोवर गूळ चिरायला लागल्या होत्या.

रविवारी इमारतीखालच्या त्या मोकळ्या जागेत रांग बघून मला घेरी यायची बाकी होती. सगळ्यांत पुढे मिस्टर टान, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात त्यांच्या सणाच्या रिवाजाप्रमाणे संत्र्यांची जोडी! “सर, ओन्ली लेडीज,” म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं. लावलं बाई! त्यांच्यामागे दहाव्या मजल्यावरचे आजोबा गुलाबपाण्यानं असे शिंकले की हळद उडून माझ्या साडीवर आली. वाणाचे प्लास्टिकचे डबे बघता बघता संपले. मावशी मागे स्टुलावर बसून लाडू वाटत होत्या आणि खुदुखुदु हसत होत्या.

मिसेस टानना मी कुंकू लावलं. त्या लाडू घ्यायला मावशींकडे वळल्या आणि त्यांचं कोरं कपाळ बघून थबकल्या.

“अय्यो, आंटी! एव्हरीबडी हॅव, यू नो हॅव! कॅनॉट, लाह!”

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातातल्या कोयरीत बोट बुडवलं आणि मावशींच्या कपाळावर टेकवलं. चांगलं ठसठशीत, जरा वाकडंच.

मावशींच्या हातातला लाडू हातातच राहिला. दुसऱ्या हातानं त्यांनी फोन उचलला आणि कॅमेरा स्वतःकडे फिरवला. डोळे भरून आले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “काढा मावशी फोटो. ग्रुपवर टाकू.”

“नको,” त्या म्हणाल्या. “थांब जरा. आधी मला बघू दे.”