चांदणीची तिसरी झेंडी

शामराव हिवराळे यांनी मला फसवलं. भर दुपारी, चार घोडीवाल्यांसमोर, आणि तेही मला जिंकवून. मोताळ्याच्या बाजारात ज्याला एकही व्यापारी गंडवू शकला नाही, त्याला रेल्वेच्या एका रिटायर फाटकवाल्यानं गंडवलं. मी हे विसरणारा माणूस नाही.

हिवराळे काका जगातल्या सगळ्या माणसांना 'बे' म्हणतात आणि सगळ्या घोड्यांना 'बाई'. नळ दुरुस्त करणारा बे, नगरसेवक बे, जनावरांचा डॉक्टरही बे. "सुई नवी हाये ना बे डॉक्टर?" पण माझ्या घोडीशी बोलायला लागले की आवाजात लोणी. "चांदणीबाई, पाय उचलता का जरा?" मी पंधरा वर्षं दुसऱ्याच्या घोडीचा लगाम धरून वरातींपुढे चाललो, मग स्वतःची घोडी घेतली. मला आता गावात सगळे शेठ म्हणतात. काका म्हणतात, "काय बे शेठ."

मलकापूरला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आमची पागा आहे. वरातीच्या घोड्या ठेवणारे आम्ही पाच जण, पाच घोड्या, हौद एकच. सामायिक जागेत काय होतं ते सांगायला नको. हौद कोरडा दिसला की प्रत्येकाला वाटतं, दुसरा भरेल. लीद पडलेली दिसली की प्रत्येकाला वाटतं, ही आपल्या घोडीची नाही. शेवटी आमच्यातले सगळ्यात जुने रशीदभाई हिवराळे काकांना देखरेखीला घेऊन आले. काका रिटायर झाले त्याच वर्षी त्यांचं फाटकही बंद झालं, खालून बोगदा निघाला. घोड्यांशी त्यांचा संबंध एवढाच, की जन्मभर त्यांनी फाटकापुढे वराती अडवल्या होत्या.

इथंही त्यांनी तेच सुरू केलं. पहिल्याच दिवशी पागेच्या तोंडाला आडवा बांबू लावला. घोडी बाहेर काढायची तर चार सवाल. पाणी पाजलं? नाल पाहिली? पाठ पाहिली? पोटाखालच्या पट्ट्यात दोन बोटं जातात? चारही उत्तरं बरोबर आली की काका एक नंबर सांगणार, आपण तो परत म्हणायचा, मग ते वहीत लिहिणार आणि मग बांबू वर जाणार. स्टेशनमास्तर फाटकवाल्याला फोनवर असाच नंबर देतो म्हणे. "नंबर नाई त गाडी नाई." एकदा मी सत्तेचाळीसच्या जागी सदतीस म्हणालो, तर चारही सवाल पहिल्यापासून.

चूक सापडली की त्या घोडीच्या दावणीवर लाल झेंडी. मग घोडी जागची हलत नाही, आणि मालकानं तिच्यासमोर उभं राहून मोठ्यानं जबाब द्यायचा. आम्हाला नाही, घोडीला. "चूक माणसाची, हाल गाडीचे," काका म्हणायचे. आणि तीन झेंड्या झाल्या की मालकानं घोडी घेऊन पागा सोडायची. हा नियम आम्ही पाचही जणांनी हसत हसत मान्य केला. तेव्हा प्रत्येकाला वाटत होतं, पहिला जाणार तो दुसराच.

पहिली झेंडी माझी. चांदणी सजवून उभी, बँड वाजतोय, आणि बांबू खाली.

"काका, नवरदेव खोळंबलाय हो."

"त्याले पाय हायेत ना बे?"

"मुहूर्त जाईल."

"मुहूर्त त्याचा, पाठ चांदणीबाईची. खोगिराखाली चामडी सोलली हाये. तुले दिसली काऊन नाई?"

नवरदेव बाशिंग सांभाळत मेहुण्याच्या मोटरसायकलवर मांडवात गेला. मी चांदणीसमोर उभा राहून म्हणालो, "पाठ न पाहता खोगीर घातलं. चूक माझी." बाकीचे मालक तोंडात रुमाल कोंबून हसत होते. चांदणीनं माझ्या डोक्याचा वास घेतला. दुसरी झेंडी ढिल्या नालेची. तीही माझीच.

तेव्हापासून मी टपून बसलो होतो. हा माणूस कधीतरी चुकेल, आणि त्या दिवशी मी याचा जबाब घेईन.

त्याच सुमारास मी मोताळ्याच्या बाजारातून हरभऱ्याच्या कुटाराची आठ पोती आणली. मळणीनंतर उरलेला तो भुसा चांदणीला फार आवडतो. भाव असा पाडला, की व्यापारी शेवटी हात जोडून म्हणाला, "न्या शेठ, पन कोनाले सांगू नका." आठवडाभर मी सगळ्यांना सांगत होतो.

एका दुपारी चांदणी दावणीला लोळायला लागली. वळून वळून पोटाकडे पाहायची, अंग घामानं ओलं. डॉक्टर आले, सुई दिली आणि म्हणाले, बसू देऊ नका, फिरवत राहा. काकांनी लगाम धरला. दिवस कलेपर्यंत ते तिला शेडभोवती फिरवत होते, आणि मी मागून ओरडत फिरत होतो.

"दिवसभर तुम्ही इथं बसता. पाणी दाखवलं होतं का हिला? बोला की. एरवी चार सवाल विचारता ना?"

"बाई, चला. अजून एक चक्कर."

"माझ्याशी बोला."

"हळू, बाई. घाई नाई आपल्याले."

ऊन उतरता उतरता चांदणीनं लीद टाकली. रशीदभाई म्हणाले, "शुकर है," आणि काकांनी खिशातून हिरवी झेंडी काढून फडकवली. चालून चालून काकांची कंबर वाकली होती, पण झेंडी ताठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मालक जमले. मी रात्रभर मुद्दे पाठ केले होते, एकही लागला नाही. काका उठले, चांदणीसमोर उभे राहिले. "चांदणीबाई, काल तुमाले पाणी म्या दाखवलं नाई. चूक माही. फाटकवाल्याले तीन झेंड्या नसतात." वही रशीदभाईंच्या हातात दिली, चपला घातल्या आणि गेले.

मी जिंकलो होतो. पेढे आणले. रशीदभाईंनी पेढा हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत पुड्यात ठेवला.

तीन महिन्यांनी बाजारात तोच कुटारवाला भेटला.

"शेठ, राग गेला का माह्यावरचा?"

"कशाचा राग?"

"ते तुमचे झेंडीवाले काका. घोडी बिमार पडली त्याच्या तिसऱ्या दिवशी तुमच्या रशीदभाईसोबत सात पोती ऑटोत घालून आले. म्हने बुडाशी बुरशी हाये, पोट बिघडलं ते यानंच. सारा बाजार पाहून राह्यला आन मले माह्याच बैलापुढी उभं करून जबाब द्यायले लावला. मंग चांगली सात पोती घेऊन गेले."

"मला का नाही सांगितलं?"

"तेच म्हने, शेठले सांगू नको. त्याले आपल्या सौद्याचा लय अभिमान हाये."

मी तिथून सरळ काकांचं घर गाठलं. रुळांना लागून दोन खोल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी काकूंचा, त्याला हार. ओट्यावर धुऊन पालथं घातलेलं एक ताट, एक पेला. मी तोंड उघडणार तोच मालगाडी आली. काका उठले, ओट्याच्या कडेला ताठ उभे राहिले आणि हिरवी झेंडी धरली. शेवटचा डबा जाईपर्यंत हलले नाहीत.

"गार्डला दिसतं का हे?"

"कधी दिसते, कधी नाई. कायले आला बे शेठ?"

"माझी तिसरी झेंडी द्या. ती माझी आहे."

"केस बंद झाली."

"चूक माझी होती. तुम्ही खोटा जबाब दिला. घोडीला."

"हाव. देल्ला." काकांनी झेंडीची घडी केली. "तुही तिसरी झेंडी लागली असती त चांदणीबाई कुठी गेल्या असत्या? तुह्या घरामांगच्या पत्र्यात, एकल्या. घोडी एकली पडली की खाणं सोडते बे."

मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण इथं समोरचा भावच सांगेना. परत चला म्हणालो, नाही. हात जोडले, नाही. मग मी माझी बाजारातली युक्ती काढली. उठलो आणि पाठ फिरवली.

"राहू द्या. उद्या चांदणीला नंबर न घेता बाहेर काढतो."

मागे चपला शोधल्याचा आवाज आला.

"पाठ पाह्यली का तिची?"

"नाही."

"नाल?"

"नाही पाहिली, काका."

"थांब बे."

माझ्या मोटरसायकलवर मागे बसून ते पागेत आले. चांदणी बांबूच्या वरून मान काढून असं खिंकाळली, की शेजारच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. रशीदभाईंनी वही काढून दिली, आणि पेढे या वेळी त्यांनीच आणले. मी चांदणीसमोर उभा राहून सगळ्यांपुढे मोठ्यानं जबाब दिला. बुरशीचं कुटार, पाडलेला भाव, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा हरलो आणि छाती फुगली. मग झेंडीसाठी हात पुढे केला.

"मुदत गेली," काका म्हणाले आणि बांबू पुसायला लागले.

म्हणजे मी अजून दोनच झेंड्यांचा मालक. माझी चूक त्यांनी माझ्याकडून नेली ती नेलीच, परत देत नाहीत. म्हणून इथं सगळ्यांदेखत विचारतो. हिवराळे काका, घोडी एकटी पडली की खाणं सोडते, हे रेल्वेत शिकवत नाहीत. मग ते तुम्हाला कुणी शिकवलं? आणि ते तीन महिने त्या एका ताटात तुम्ही नीट जेवत होता की नाही? लेखी नको, तोंडी चालेल. पण चांदणीसमोर उभं राहून, मोठ्यानं. जबाब द्या.